खान्देशातून पहिल्या बर्फात स्कीला जाताय? आधी हे वाचा

दिवाळी आटोपली की मला दरवर्षी तोच फोन येतो. जळगावचा, शिरपूरचा नाहीतर चाळीसगावचा कुणीतरी पोरगा विचारतो, दादा गुलमर्गला बर्फ पडला, व्हिडिओ आलेत, डिसेंबरात जाऊन येऊ का, आता बर्फ कमी आहे म्हणजे ॲव्हलांचचं (डोंगरउतारावरून बर्फ सुटून खाली येण्याचं) टेन्शन पण कमीच ना? हे शेवटचं वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण पहिल्या वर्षी मलाही अगदी हेच वाटत होतं आणि आमच्यासोबत समजदार गाईड नसता तर आज मी हे लिहायला बसलो नसतो.

आपण ४५ डिग्रीच्या गावातली माणसं, बर्फाशी आपला संबंध उसाच्या रसापुरता. तिकडच्या पोरांना लहानपणापासून जे दिसत आलंय ते आपल्याला मुद्दाम शिकावं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

हे कोणासाठी आहे ते आधी सांगतो. सोलांगला किंवा औलीला इन्स्ट्रक्टरसोबत ठरलेल्या स्लोपवर पहिल्यांदा स्की घालणार असाल तर यातलं थोडंच लागेल. पण बेसिक कोर्स झालाय आणि आता आखलेली धाव (स्कीसाठी ठरवून दिलेला उतार) सोडून मोकळ्या डोंगरात, स्वतः चढून स्वतः उतरायचंय, ज्याला बॅककंट्री म्हणतात, त्यांनी सगळं वाचा. आणि कोर्स झाला नसेल तर आधी तो करा, मनालीची अटल बिहारी वाजपेयी इन्स्टिट्यूट आहे, गुलमर्गला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग आहे, पहलगामला जवाहर इन्स्टिट्यूट आहे. यूट्यूबवर बघून बॅककंट्री होत नाही.

१. पहिला बर्फ तळातून सडतो, हे आधी डोक्यात बसवा

ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकदा-दोनदा बर्फ पडतो आणि मग दोन-तीन आठवडे आकाश निरभ्र. उन्हाच्या बाजूचा बर्फ वितळून जातो, उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारावर आणि घळीत तेवढा राहतो. आता बघा काय होतं. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते, वर रात्री समजा उणे १५ आणि मधे बर्फ फक्त ५० सेंटीमीटर. म्हणजे अर्ध्या मीटरात १५ अंशांचा फरक, मीटरच्या हिशोबात ३०. मीटरमागे साधारण १० अंशांच्या वर फरक गेला की बर्फातली वाफ खालून वर सरकत राहते आणि एकमेकांना धरून असलेले कण सुटे सुटे होतात, टोकदार, चकचकीत, जाड्या साखरेसारखे. तोच बर्फ २ मीटर असता तर फरक मीटरला साडेसात पडला असता आणि कण हळूहळू गोल होऊन एकमेकांना धरत गेले असते. म्हणून बर्फ जितका पातळ तितका तो लवकर सडतो, आपल्याला वाटतं त्याच्या बरोबर उलट.

मग पुढचं वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमेकडून हिवाळ्यात येणारं वादळी हवामान, येतं, एका रात्रीत फूट-दीड फूट नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून बसवतो आणि त्या साखरेवर एक सलग स्लॅब तयार होतो. घराचा स्लॅब डोळ्यासमोर आणा, फक्त खाली कॉलमच्या जागी साखर आहे आणि सगळं तिरकं आहे. आपण वरून स्की घेऊन गेलो की साखर एका जागी दबते, ते दबणं क्षणात सगळीकडे पसरतं आणि पूर्ण स्लॅब सुटतो. ॲव्हलांचमधे ज्यांचा जीव जातो त्यातल्या दहातल्या नऊ वेळा तो स्लॅब त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सोडवलेला असतो. डोंगर आपल्यावर येत नाही भाऊ, आपणच त्याला ओढून घेतो.

हे पटत नसेल तर घरी करून बघा, मी शिकवताना नेहमी करतो. जेवायला बसायचा लाकडी पाट घ्या, त्यावर मैदा चाळणीने चाळून पातळ थर द्या, त्यावर जाडी साखर पसरा, त्यावर परत मैदा चाळा चांगला दोन बोटं जाड आणि तळहाताने हलकेच दाबा. आता पाटाची एक बाजू हळूहळू उचला आणि मधेच बोटाने वरून टिचकी मारा. मैद्यावर आडवी चीर जाते, एकदम सरळ, आणि तिच्या खालचा सगळा मैदा एक तुकडा होऊन घसरतो. माझ्या आजीने हे बघितलं आणि म्हणाली, तठे बरफमा जास तू? त्यानंतर मी निघायच्या आदल्या दिवशी ती दरवेळी विचारते, साखर कितली शे यंदा?

आणि डिसेंबरची खरी फसगत वेगळीच आहे. उन्हाच्या उतारावर दगड उघडे पडलेले असतात, तिथे स्की होत नाही, म्हणून आपण जिथे बर्फ टिकलाय अशी जागा शोधत जातो. आणि बर्फ टिकलेला असतो सावलीत, घळीत, उंचावर, म्हणजे बरोबर तिथेच जिथे तळ सडलाय. दगड, झुडपं वर आलेली दिसली की नवख्याला वाटतं यांनी बर्फ धरून ठेवला असेल, पण दगडाच्या आजूबाजूला बर्फ पातळ असतो, आपलं वजन सरळ साखरेपर्यंत पोचतं, आणि पुष्कळदा स्लॅब तिथूनच सुटतो. वर सुटला की माणूस त्याच दगडांवरून घासत खाली जातो, जाड बर्फाच्या मोसमात जो नुसता गाडला गेला असता तो इथे डोकं फुटून जाऊ शकतो.

४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडात द्रौपदी का डांडा २ वर गिर्यारोहण प्रशिक्षणार्थींच्या तुकडीवर ॲव्हलांच आला, २७ मृतदेह बाहेर काढावे लागले. ती स्कीची जागा नाही, उंचीही कितीतरी जास्त, पण महिना बघा. आपल्याकडे तेव्हा कापूस वेचणी चालू असते.

२. उतार डोळ्याने ओळखायला शिका, गावातच

ॲव्हलांच बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतो. त्यापेक्षा कमी असेल तर स्लॅब सहसा सरकत नाही, त्यापेक्षा फार जास्त असेल तर बर्फ साचतच नाही, थोडा थोडा गळून जातो. अडचण अशी की स्कीला मजा पण ३० च्या पुढेच येते.

आपल्याकडे धाब्याची घरं, शेतं सपाट, त्यामुळे उताराचा अंदाज आपल्याला नाहीच. पण एक वस्तू गल्लीगल्लीत आहे, बांधकामापुढे टाकलेला वाळूचा ढीग. कोरडी वाळू साधारण ३० ते ३५ अंशांवर थांबते. मोबाईलमधे उतार मोजायचं ॲप टाका, लांब पट्टी ढिगावर टेकवा, तिच्यावर मोबाईल ठेवा आणि आकडा बघा. मग लांब उभं राहून बघा, समोरून बघा, वरून बघा. हा उतार ओळखीचा झाला पाहिजे, कारण डोंगरात असा उतार दिसला की पहिल्या मोसमात आपण त्यावर जायचं नाही, त्याच्या बरोबर खालूनही नाही. जमेल तसं तोरणमाळला नाहीतर पाटणादेवीच्या डोंगरात जाऊन तेच करा, आधी अंदाज सांगायचा मग मोजायचं. माझा अंदाज सुरुवातीला दरवेळी ७-८ अंशांनी चुकायचा, एक पावसाळाभर केलं तेव्हा २-३ वर आला.

नकाशावर सोपा हिशोब, आडवं १०० मीटर गेल्यावर उभं ५८ मीटर चढलात तर तो ३० अंश. आणि आपण २० अंशांवर उभे असलो तरी डोक्यावर ३५ चा उतार लटकतोय का हे बघायचंच, वर सुटलेला बर्फ खालच्या सपाटीवर लांबपर्यंत येतो.

वजनाची कल्पना द्यायची म्हणून सांगतो. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड एवढा छोटा तुकडा घ्या, वाऱ्याने दाबलेला बर्फ घनमीटरला २०० किलो धरा, ९० टन झाले. रावेरहून निघणारे केळीचे १० टनी नऊ ट्रक. आणि याला छोटा ॲव्हलांच म्हणतात.

३. तीन वस्तू आणि वाळूतली प्रॅक्टिस

बीकन (सिग्नल पाठवणारं आणि गाडलेल्याचा सिग्नल शोधणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात टोचून माणूस शोधायची लांब काठी), फावडं. तिन्ही प्रत्येकाकडे, ग्रुपमधे मिळून एक नाही. बीकन अंगावर बांधायचं, बॅगेत ठेवायचं नाही, सगळे ४५७ किलोहर्ट्झवर चालतात त्यामुळे वेगवेगळ्या कंपनीचे असले तरी एकमेकांना सापडतात. सेल अल्कलाइन आणि नवे, कंपनीने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच दुसरे. मोबाईल बीकनपासून निदान २० सेंटीमीटर लांब, शोधताना ५० च्या वर, आणि खरं म्हणजे शोधताना बंदच. प्रोब २४० सेंटीमीटर किंवा जास्त. फावडं धातूचं घ्या, प्लास्टिकचं थांबलेल्या बर्फात वाकतं, कारण ॲव्हलांच थांबल्या थांबल्या सिमेंटसारखा घट्ट बसतो, हाताने उकरून काही होत नाही.

हे सगळं भाड्याने मिळतं तिकडे, पण भाड्याचं घेणार असाल तर पोचल्यावर पहिला अर्धा दिवस फक्त त्याच्यासाठी ठेवा. एका वर्षी मला भाड्याने मिळालेल्या बीकनमधे सेलचे टोक हिरवे पडलेले होते, चालू होत होतं पण मधेच बंद पडायचं, सकाळी निघताना तपासलं म्हणून कळलं. दुकानदार म्हणाला चलता है साब. मी घेतलं नाही, दिवस वाया गेला, चालेल.

एवढी घाई का, तर पूर्ण गाडलेला माणूस पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर निघाला तर बहुतेक वाचतो आणि अर्धा तास उलटला की तिघांतला एखादाच. मदत येईपर्यंत अर्धा तास कधीच गेलेला असतो. म्हणजे आपल्याला आपलाच सोबती वाचवणार किंवा आपण त्याला.

म्हणून प्रॅक्टिस घरून करून जा. आम्ही चौघं गिरणेच्या कोरड्या पात्रात करायचो. एक बीकन डब्यात घालून वाळूत पुरायचा, पुरणाऱ्याने जागा सांगायची नाही, दुसऱ्याने ५० मीटरवरून सुरू करायचं. आधी सिग्नल मिळेपर्यंत पळायचं, मग बाणामागे चालायचं, शेवटचे तीन मीटर बीकन वाळूला टेकवून मुंगीच्या चालीने, सगळ्यात लहान आकडा येईल तिथे प्रोब टोचायला सुरुवात, गोल गोल बाहेरच्या दिशेने, २५ सेंटीमीटर अंतराने. लागला की प्रोब काढायचा नाही, तसाच ठेवून उताराच्या खालच्या बाजूने आडवं खणत जायचं, वरून विहीर खणायची नाही. पहिल्या दिवशी आम्हाला ११ मिनिटं लागली, फक्त सापडायला. सहाव्या रविवारी साडेतीन. त्या ११ मिनिटांत आम्ही कोणाला गमावला असता ते आठवून तेव्हा कोणी बोलत नव्हतं.

४. निघायच्या तीन आठवडे आधीपासून वही ठेवा

हे कोणीच करत नाही आणि माझ्या मते हेच सगळ्यात जास्त कामाचं आहे. पहिला बर्फ कधी पडला, किती, त्यानंतर किती दिवस कोरडे गेले, रात्रीचं तापमान किती, पुढचा बर्फ कधी आणि वारा कुठून. हवामान खात्याचं रोजचं बघा आणि डीआरडीओची डीजीआरई ही संस्था, पूर्वी तिला सासे म्हणायचे, ती काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडसाठी ॲव्हलांचचा इशारा काढते तो बघा. लेव्हल १ ते ५ असतात आणि ३ ला लोक मधली समजून निर्धास्त होतात, तसं नाही, ३ म्हणजे माणसाच्या वजनाने स्लॅब सुटू शकतो. तो इशारा मोठ्या भागासाठी असतो, तुमच्या घळीसाठी नाही, हे पण लक्षात ठेवा.

वहीत नोव्हेंबरात बर्फ, मग १५-२० दिवस कडक थंडी आणि कोरडं, मग निघायच्या दोन दिवस आधी दणकून बर्फ, असं दिसलं तर ते सगळ्यात वाईट गणित आहे. आणि दुर्दैवाने फोटोत तेच सगळ्यात सुंदर दिसतं.

आपली खरी अडचण इथे येते. भुसावळहून झेलम एक्सप्रेस पकडून दोन रात्री जायचं, सुट्टी मोजून सात दिवसांची, हॉटेलचे पैसे भरलेले. मग डोंगर नाही म्हणाला तरी मन म्हणतं एवढ्या लांब आलोय. यावर माझा उपाय एकच, निघायच्या आधीच, घरात बसून, कागदावर लिहा की अमुक दिसलं तर आपण फक्त सपाट जंगलात आणि २५ अंशांखाली स्की करू, आणि सगळ्यांनी सह्या करा. तिथे गेल्यावर चर्चा नाही. जमत असेल तर तिकीटच जानेवारीच्या शेवटाचं काढा, चिल्लई कलान म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडक थंडीचे ४० दिवस तोवर संपत आलेले असतात, बर्फ जाड झालेला असतो. तेव्हाही धोका असतोच, १ फेब्रुवारी २०२३ ला गुलमर्गच्याच अफरवट डोंगरावर ॲव्हलांचमधे दोन परदेशी स्कीअरचा जीव गेला, पण नवख्याला सुरक्षित जागा निवडायला तेव्हा जास्त वाव असतो.

५. त्या दिवशी

पहिल्या वर्षीचा आमचा गाईड गुलमर्गच्या खालच्या तंगमर्गचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. डिसेंबरातला तिसरा आठवडा, आदल्या रात्री हातभर बर्फ पडलेला, सकाळी निळंशार आकाश. जंगल संपून मोकळा उतार सुरू होतो तिथे तो थांबला आणि फावड्याने खणायला लागला, जमिनीपर्यंत, पाऊण मीटरही नव्हता बर्फ. भिंत सरळ कापली आणि मला म्हणाला हात लगाओ. वरचा भाग हाताला घट्ट, बोट आत जाईना. खाली वीतभर थर करडा दिसत होता, तिथे बोट लावलं आणि ते सगळं गळायला लागलं, पोत्याला भोक पडल्यावर ज्वारी गळते तसं, थांबेचना, माझ्या हातमोज्यावर दाणे जमले, प्रत्येक दाण्याला पैलू. गोळा करायला मूठ दाबली तर चिकटतच नव्हते. तेवढ्यात आमच्यातला एक जण फोटोसाठी चार पावलं पुढे गेला आणि पायाखालून आवाज आला, धप्प. जिनिंगमधे शेजारच्या गोडाऊनला रुईची गाठ पडली की जमिनीतून येतो तसा, कानापेक्षा पोटाला जास्त कळतो. त्याच्या स्कीच्या टोकापासून एक चीर पुढे पळत गेली, दहा-बारा मीटर. उतार तिथे कमी होता म्हणून सुटलं नाही काही. गाईड एवढंच म्हणाला, वापस.

तर त्या दिवशी काय बघायचं. सगळ्यात आधी आजूबाजूच्या उतारांवर ताजे सुटलेले ॲव्हलांच दिसतात का, दिसले तर तोच सगळ्यात मोठा पुरावा, त्याच दिशेच्या, त्याच उंचीच्या उतारावर पाय ठेवायचा नाही. मग धप्प असा आवाज, पळणाऱ्या चिरा, २४ तासांत ३० सेंटीमीटरच्या आसपास किंवा जास्त नवा बर्फ, वाऱ्याने आणून टाकलेला फुगीर भाग ज्यावर काठी आपटली तर डफासारखं पोकळ वाजतं, आणि दुपारी अचानक वाढलेलं ऊन. यातलं एक दिसलं तरी पुरे, सगळी दिसायची वाट बघू नका. खड्डा खणून, फावड्यावर हाताने थापट्या मारून बर्फाची परीक्षा करतात ती शिका जरूर, पण नवख्याने तिच्यात काही निघालं नाही म्हणून उतार सुरक्षित समजू नये, पाच मीटर बाजूला चित्र वेगळं असू शकतं. वाईट निघालं तर मात्र लगेच मानायचं.

सकाळी निघताना एकाने पुढे उभं राहून प्रत्येकाचं बीकन चालू आहे का ते एकेक करून तपासायचं. संशयाच्या उतारावर एका वेळी एकच, बाकीच्यांनी बाजूच्या सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची. उताराच्या मधे थांबायचं नाही, खाली नाला, खड्डा किंवा कडा असेल तिथे छोटा ॲव्हलांच पण जीव घेतो कारण बर्फ तिथे खोल साचतो. काठीचे पट्टे मनगटातून काढून ठेवा. पुढे गेलेल्या कोणाच्या स्कीच्या खुणा दिसल्या म्हणून तो उतार सुरक्षित होत नाही, दहावा माणूस जातो तेव्हाही स्लॅब सुटतो.

६. सुटलाच तर

ओरडा म्हणजे सोबत्यांना कळेल. बाजूला तिरकं निघता आलं तर निघा, एअरबॅग (पाठीवरच्या बॅगेतला फुगणारा फुगा) असेल तर तिची दोरी ओढा, नसेल तर वर राहायची धडपड करा, आणि वेग कमी होतोय असं वाटलं की दोन्ही हात तोंडासमोर आणून श्वासाला जागा करा. एकदा थांबला की बोटही हलत नाही. बघणाऱ्याने शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यात पक्की धरायची, वरून दुसरा येत नाही ना बघायचं, सगळ्यांनी बीकन शोधावर टाकायचे आणि सुरू. सगळे मदत आणायला खाली पळू नका. सापडला की आधी तोंड-नाक मोकळं, छातीवरचा बर्फ काढायचा, मग बाकीचं शरीर.

७. घरच्यांसाठी कागद

काश्मिरात बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड न्या. सॅटेलाइट फोन किंवा तसलं मेसेज पाठवायचं यंत्र कोणी परदेशातून आणून दिलं तरी नेऊ नका, परवानगीशिवाय भारतात ते बेकायदेशीर आहे, थेट पोलीस केस होते. इन्शुरन्स घेताना आखलेल्या धावेबाहेरचं स्कीइंग कव्हर आहे का ते लेखी विचारा, पुष्कळ पॉलिसीत नसतं.

आणि एक कागद घरी ठेवून जा. गाईडचा नंबर, हॉटेलचा, तिथल्या पोलीस ठाण्याचा, आज कुठे जाणार आणि किती वाजेपर्यंत फोन करणार. हे सगळं लिहायचं कारण असं की जळगावातून ११२ लावला तर तो महाराष्ट्राच्या कंट्रोल रूमला लागतो, काश्मीरच्या नाही, आणि घाबरलेल्या माणसाला तेव्हा मोबाईलमधे नंबर शोधता येत नाहीत. आमच्या घरी तो कागद कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेला असतो, आईने त्याच्यावर पेनने संध्याकाळी ६ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. मी ५ ला करतो फोन.